क्येनने रथ ओढला

जपानच्या किनाऱ्यावरच्या कामेउरा गावात, कालवं फोडायच्या शेडमध्ये मी आणि माझा धाकटा भाऊ क्येन शेजारी शेजारी उभे राहायचो. शेडमधले आम्ही सगळेच कामगार व्हिएतनामचे. गावातली तरणी पोरं केव्हाच ओसाकाला गेली होती. उरलेली म्हातारी माणसं वाटेत भेटली तर मान हलवायची. नाव कुणी कधी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी जत्रेच्या तोंडावर समितीचे प्रमुख मोरिवाकी-सान आमच्या खोलीवर आले. बूट काढून आत बसले, आमचा चहा प्यायले.

"रथ ओढायला माणसंच नाहीत," ते म्हणाले. "गेल्या वर्षी नुसता बाहेर काढला आणि परत आत ढकलला. देवाला तोंड दाखवायची लाज वाटते. तुमच्यातली धडधाकट पोरं येतील का?"

क्येन उठून उभाच राहिला. मी आमच्या भाषेत म्हटलं, "अरे, वर्षभर ढुंकून पाहिलं नाही यांनी तुझ्याकडे."

"मग आता पाहतील की, ताई!"

समोरच्या सुगिए आजींनी त्याला जत्रेची निळी बंडी आणून दिली. खांद्यात सैल होती, म्हणून त्याच्या अंगावरच टाके घातले. "किती वाळका रे तू! जेवतोस की नुसता वास घेतोस?" त्यांचे यजमान हारुयोशी आजोबा रथाचा मागचा दांडा सांभाळायचे. तो ओढला की चाकं थांबत. त्यांचे हात आता थरथरायचे, पण दुसरं होतंच कोण?

जत्रेच्या दिवशी ढोल सुरू झाला आणि सगळं गाव रस्त्यावर आलं. दोर ओढणाऱ्यांत क्येन सगळ्यांत उंच. कुणीतरी ओरडलं, "क्येन-कुन, जोर लाव!" मग बायका, म्हातारे, सगळेच त्याचं नाव घ्यायला लागले. "ताई, ऐकलंस का?" तो मागे वळून हसला.

बंदराकडच्या उतारावर वळण आलं. आतल्या बाजूने खांदा द्यायला क्येन चाकाजवळ गेला. रथ वेगात आला, वळला नाही. क्येन दगडी भिंत आणि रथ यांच्या मध्ये सापडला.

मी गर्दीतून वाट काढत पोहोचेपर्यंत त्याला रुग्णवाहिकेत घातलं होतं. दवाखान्यात पांढऱ्या चादरीखाली तो नुसत्या बनियनवर होता.

"बंडी कुठंय त्याची?" मी विचारलं.

मोरिवाकी-सान फरशीवर गुडघे टेकून बसले. "ताई, पोलिसांनी विचारलं तर सांगा, तो फोटो काढायला मध्ये आला. परक्या पोरांना दोराला लावलं हे बाहेर आलं, तर जत्रा कायमची बंद होईल. आमच्या आज्यापणज्यांची जत्रा आहे हो. गेलेला तर परत येत नाही."

"तो मध्ये आला नव्हता. तुम्ही बोलावलं होतं."



सकाळी सुगिए आजी आल्या. डोळे सुजलेले. "दांड्यावर आमचे हे होते गं. या वयात त्यांना तुरुंगात पाठवू नकोस."

"आजी, टाके तुम्ही घातले होते. तुम्ही तरी खरं बोला."

त्या तशाच निघून गेल्या.

मी पोलिसांना सगळं सांगितलं. आमच्यातलेच बाकीचे पोरगे घाबरले; आम्ही काही पाहिलं नाही म्हणाले. गावही तेच म्हणालं. माझ्या एकटीचा शब्द, तोही तोडक्यामोडक्या जपानीत. दुकानात गेले की बोलणी थांबायची.

मग एका दुपारी हारुयोशी आजोबा काठी टेकत स्वतःच चौकीवर गेले. कापडात गुंडाळलेली बंडी टेबलावर ठेवली, रक्तासकट. "पोरगा आमचा रथ ओढत होता," ते म्हणाले. "दांडा ओढायला मला उशीर झाला. बंडी आम्हीच काढून घेतली, त्याला श्वास होता तेव्हा."

श्वास होता, हे मला तेव्हा कळलं.

जत्रा बंद झाली. मोरिवाकी-सानना समिती सोडावी लागली. म्हातारपण पाहून आजोबांना तुरुंग चुकला, पण त्यांच्या दारी कुणी येईनासं झालं. शेडच्या मालकाने मला पुढच्या हंगामाला ठेवून घेतलं नाही.

क्येनच्या अस्थींचा खोका घेऊन मी बसथांब्यावर उभी होते, तेव्हा आजोबा आले. शेजारी उभे राहिले. माफी मागितली नाही. मागितली असती तर मी काय म्हटलं असतं, कुणास ठाऊक.

"आईला काय सांगशील?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही चौकीवर सांगितलंत तेच."

"सगळं?"

"शेवटचं सोडून."

त्यांनी तोंड फिरवून घेतलं. मग बस आली.