आरोपीच्या पिंजऱ्याची शरम

मी एक जुना पिंजरा आहे. पोपटाचा नव्हे, मित्रांनो. कोर्टात आरोपीला ज्यात उभं करतात, तो. कंबरेइतके लाकडी कठडे, चढायला एक पायरी आणि आत एका माणसापुरती जागा. सुताराने मला जीव ओतून घडवलं. नवा होतो तेव्हा रोज तेलाचा हात मिळायचा, येणारेजाणारे लाकडाची तारीफ करायचे. आता माझ्यावर ओल्या छत्र्या अडकवतात. त्याचं मला काही नाही. मला शरम वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

माझ्यात जो उभा राहतो, तो चोरच दिसतो. उद्या एखाद्या देवमाणसाला उभं करा, मागच्या बाकावरचे लोक म्हणतील, चेहराच सांगतोय! खरं तर आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे, एवढंच. गुन्हा शाबीत झाला, तरच तो गुन्हेगार. मध्ये अख्खा खटला असतो, पण मला बघितलं की लोकांना तेवढाही धीर धरवत नाही. शिवाय मला ठेवलं होतं पार मागच्या भिंतीला. वकील न्यायाधीशांकडे तोंड करून बोलणार, म्हणजे माझ्याकडे पाठ. ज्याच्या जन्माचा प्रश्न, त्यालाच धड ऐकू जात नसे.

एकदा माझ्यात एक रिबिटवाला उभा राहिला. टाक्यांच्या कारखान्यात, लोखंडी टाकीच्या पोटात बसून त्याने उभं आयुष्य रिबिटं, म्हणजे पत्रे जोडणारे जाड खिळे, ठोकली होती. कोठारातले पितळी नळ चोरल्याचा त्याच्यावर आरोप होता. पुरावा काय, तर संध्याकाळी तो पिशवी घेऊन फाटकातून निघाला, रखवालदाराने हाका मारल्या आणि हा थांबला नाही. पिशवी कुणी उघडून पाहिलीच नव्हती. ऐपत नसलेल्या आरोपीला कोर्ट वकील देतं, तसा त्यालाही दिला होता. वकिलाने घाईघाईत चार गोष्टी विचारल्या. रिबिटवाल्याने प्रत्येक गोष्टीला हो म्हणून मान हलवली.

न्यायाधीशबाईंनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, गुन्हा कबूल आहे का? रिबिटवाल्याने पुन्हा मान हलवली. बाईंनी लेखणी उचलली. आता ते कबूल म्हणून लिहिलं जाणार आणि हा सरळ तुरुंगात जाणार, हे मला दिसत होतं. मी लाकूड, करणार काय, कपाळ?

तेवढ्यात मागच्या बाकावरून त्याची बायको उठली.

"साहेब, त्यांना ऐकू येत नाही. ते कशालाही मान हलवतात."

सगळ्या माना मागे वळल्या, तेव्हा बायको काय बोलली ते रिबिटवाल्याला न ऐकताच कळलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बहिरा म्हणून काम जाईल, पोरंसोरं टिंगल करतील, म्हणून हे कुठे बोलायचं नाही, अशी त्याने तिला शपथ घातली होती. चोर म्हणवून घेणं त्याला चाललं असतं, बहिरा म्हणवून घेणं नाही. काय म्हणावं या माणसाला!

वकिलाची मान खाली गेली. बाई म्हणाल्या, "आपल्यावर काय आरोप आहे हेच ज्याला ऐकू आलं नाही, त्याचा खटला आपण चालवत होतो. निष्पक्ष सुनावणी ती हीच का?"

त्यांनी लेखणी खाली ठेवली. रिबिटवाल्याला माझ्यातून बाहेर काढून आपल्या समोर खुर्ची दिली. पुढच्या तारखांना प्रत्येक वाक्य त्याच्याकडे तोंड करून, सावकाश बोललं गेलं. मी रिकामा होतो आणि मला बरं वाटत होतं.

रखवालदाराची साक्ष झाली. साक्षीदाराचं म्हणणं खरं किती, हे तपासायला समोरच्या वकिलाने त्याला प्रश्न विचारायचे, ती उलटतपासणी. रिबिटवाल्याच्या वकिलाने या वेळी नीट तयारी केली होती. कारखान्यात एकमेकांना कसं बोलावता, असं त्याने विचारलं.

"खांद्यावर थाप मारून," रखवालदार म्हणाला. "त्या ठोकाठोकीत हाक कुणाला ऐकू येणार?"

मग त्या दिवशी थाप का नाही मारली? फाटक सोडायची मुभा नव्हती, म्हणून त्याने पाठीमागूनच हाका मारल्या होत्या. हे सांगता सांगता तो अडखळला. इतकी वर्षं याला आपण खांद्यावर थाप मारूनच बोलावत आलो, म्हणून याला ऐकू येत नाही हे कधी कळलंच नाही, हे त्याचं त्यालाच उमगलं. त्याने रिबिटवाल्याकडे पाहिलं, आणि मग त्याला वर बघवेना.

निकालाच्या दिवशी बाई म्हणाल्या, "तुम्ही निर्दोष आहात."

रिबिटवाल्याची मान सवयीने हलायला लागली. मध्येच थांबली. त्याने एकवार बायकोकडे पाहिलं, कान पुढे केला आणि भरल्या कोर्टात म्हणाला, "ऐकू नाही आलं, साहेब. परत सांगा."

बाई खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी ते परत सांगितलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या पिंजऱ्यात कुणी उभा दिसला, तर लगेच त्याला चोर म्हणू नका. त्याला सगळं ऐकू आलंय का, आणि त्याचं कुणी ऐकलंय का, एवढं आधी विचारा.