कुकीजवरची पांढरी साखर

विल्सनची मोटरसायकल गल्लीतून बाहेर पडली, तशी साराने ओव्हनची वायर काढली. सकाळपासून केडगावातलं ते दोन खोल्यांचं घर दालचिनीच्या वासाने भरून गेलं होतं. चर्चमध्ये आज संडे स्कूलच्या मुलांचा कार्यक्रम होता आणि खाऊ साराकडे होता. होस्टेलवर मेट्रनबाई करायच्या तशा ओट्सच्या कुकीज तिने केल्या होत्या. लोणी, गूळ, जाडसर ओट्स आणि वर दुधात कालवलेल्या पिठीसाखरेचा पातळ थर, वाळला की बारीक तडे जाणारा. डबा मांडीवर घट्ट धरून सहा वर्षांचा जॉय बापाच्या मागे बसून गेला होता.

“सारा,” सासूबाई आक्काबाई स्वयंपाकघरात येत म्हणाल्या, “फळीवर बोरिक पावडरचा डबा ठिवला हुता मी. झुरळं लई झाल्यात. गोळ्या करून टाकाव्या म्हनते.”

“कोणता डबा, आई?”

“बारका. स्टीलचा.”

साराने रिकाम्या फळीकडे पाहिलं. पिठीसाखर कमी पडली म्हणून तिने तोच डबा काढला होता. पांढरी, मऊ पूड. नाताळची उरलेली साखर असेल, असं वाटून तिने ती थरात ओतली होती. बोटावर घेऊन चाखलाही होता थर. गोड लागला होता. साखरच जास्त होती ना त्यात!

डबा मोरीत पडला होता. तळाच्या कडेला चिकटलेली चिमूट तिने जिभेला लावली. गोडीचं नाव नव्हतं. तिने थुंकून चूळ भरली.

विल्सनचा फोन नुसता वाजत राहिला. चर्चमध्ये तो आवाज बंद करून ठेवायचा. पाळकांचाही लागेना. सारा चप्पल न घालताच पळत सुटली. पुणे रस्त्यावर रिक्षा मिळाली, पण पुढे उसाच्या ट्रॉल्या रांगेने चाललेल्या. “दादा, जरा लवकर हो,” ती सारखी म्हणत होती. जॉयने वाटेतच झाकण उघडलं असेल. त्याला दम कुठे निघतो? डोळ्यांसमोर त्याचे पांढरे ओठ येत होते आणि प्रार्थनेचा एक शब्द आठवत नव्हता.

ती आत शिरली तेव्हा मुलं रांगेत बसली होती आणि रांगेतल्या जेनिफरची आई रेश्मा कुकीज वाटत होती. काहींच्या हातात कुकीज होत्या. पाळक सगळ्यांना थांबवून उभे होते. आभाराची प्रार्थना व्हायची होती.

कुकीज बिघडल्या असं सांगून डबा उचलावा, असं क्षणभर साराच्या मनात आलं. मग तिला जेनिफरच्या ओठांना लागलेला पांढरा थर दिसला.

“खाऊ नका!” ती ओरडली. “टाका, सगळे टाका! माझ्या हातून त्यात झुरळांचं औषध पडलंय!”

एकदम आरडाओरडा झाला. आया मुलांच्या मुठी उघडायला लागल्या. दोघांनीच खाल्लं होतं. जेनिफरने अर्धी कुकी आणि जॉयने वाटेत दोन.

“तुला डोळे नाहीत का गं?” रेश्मा किंचाळली. साराने मान खाली घातली. “दवाखान्यात चल आधी. मग मला मार,” एवढंच ती म्हणाली.

विल्सनने रिक्षा थांबवून सगळ्यांना दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी किती पूड, किती कुकीज, सगळं विचारून घेतलं. तेवढ्यात जॉयला उलटी झाली. साराने त्याचं कपाळ धरलं. सलाईन लावलं, रक्त तपासायला गेलं. दोन्ही खाटांमध्ये सारा आणि रेश्मा एकमेकींकडे न बघता बसून राहिल्या. जॉय झोपला की सारा त्याच्या नाकापुढे बोट धरायची.

ऊन उतरल्यावर डॉक्टर पुन्हा आले. “पोटात फार गेलेलं नाही. तपासण्या ठीक आहेत. आजची रात्र इथेच राहू द्या, सकाळी घरी न्या.”

रेश्मा तोंडावर ओढणी धरून रडायला लागली. मग तिने हात लांब करून साराचं मनगट पकडलं. “तू बोललीच नसतीस तर?”

साराने दुसरा हात तिच्या हातावर ठेवला. दाराबाहेर विल्सनने घरून आणलेल्या आक्काबाई उभ्या होत्या, आत यायला धजत नव्हत्या. सारा उठून गेली.

“माजीच चूक हाय, पोरी,” आक्काबाई म्हणाल्या.

“आत या, आई. त्याने डोळे उघडलेत.” साराने त्यांना हाताला धरून खाटेपाशी आणलं. दोघींचेही हात अजून थंडगार होते.