एक छटा गडद

काकूंनी आ वासला आणि जीभ हळूच पुढच्या दाताच्या कोपऱ्यावर नेली. खरखरीत लागलं.

"जीभ आत, काकू," डॉक्टर म्हणाला. हा काकांच्याच हाताखाली शिकलेला. काका गेल्यावर दवाखाना त्यानेच चालवायला घेतला होता. "काय करून बसलात हे?"

"लेकीने पाठवलं होतं, दात पांढरे करायचं जेल. फोनवर म्हणाली, आई, दात कसले पिवळे दिसतायत तुझे! म्हटलं, ती येतेच आहे, तर घ्यावेत उजळून."

"मग? खूश झाली का बघून?"

"यायचं रद्द झालं तिचं."

त्याने आरसा हातात दिला. दात लख्ख झाले होते, आणि ऐन दर्शनी दाताचा भरलेला कोपरा तेवढा पिवळाच राहिला होता.

"जेलने दात उजळतो, फिलिंग नाही. उलट त्याचा गुळगुळीतपणा जातो. काढून टाकू आणि नवीन भरू, या रंगाचं. फार वेळ नाही लागायचा."

काकूंनी आरसा खाली ठेवला नाही. तो कोपरा काकांनी भरलेला. लग्नाच्या नव्या नवलाईतच जिन्यावरून पडून काकूंचा दात तुटला होता. काकांनी त्यांना खिडकीपाशी उभं केलं, रंगाचे नमुने एकेक करून दाताला लावून पाहिले आणि मुद्दाम एक छटा गडद निवडली. आरशात बघितल्यावर काकूंनी घर डोक्यावर घेतलं. नवरा दातांचा डॉक्टर, आणि बायकोच्या तोंडात ठिगळ! काका ढिम्म.

"वयाबरोबर दात पिवळे होतात गं. येईल तो हळूहळू याच्या रंगाला. मला काही घाई नाही."

आला की खरंच! कधी आला ते कळलंही नाही. एकदा जेवता जेवता काकांनी त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाले, "शोध बघू आता!" त्यानंतर काका फार दिवस राहिले नाहीत. आणि आता न आलेल्या लेकीसाठी काकूंनी आपल्याच हाताने तो कोपरा पुन्हा उघडा पाडला होता. त्यांना स्वतःचीच भयंकर चीड आली.

"नाहीच काढलं तर?" त्यांनी विचारलं. "दात होईल का परत पिवळा?"

"होईल की. वर्षा-दोन वर्षांत उतरतो हा पांढरेपणा. चहा भरपूर पीत असाल तर लवकरच. पण काकू, हे खरखरीत झालंय. चहाचा डाग दाताआधी फिलिंगच धरेल."

"मग तेवढं पॉलिश करून दे. ते दरवर्षी करायचे तसं."

"तोवर लोकांना दिसेल हं."

"कोण बघतंय रे मेल्या माझ्या तोंडाकडे?"

तो हसला नाही. ड्रिल बाजूला सरकवून त्याने पॉलिशची बारीक चकती लावली आणि बराच वेळ, अगदी हलक्या हाताने, तो कोपरा घासत राहिला.

घरी येऊन काकूंनी एकटीपुरता चहा टाकला. मग पातेल्यात आणखी एक कप पाणी ओतलं, चहापावडरही वाढवली. चांगला कडक उकळला. दोन कप भरून त्या खिडकीपाशी जाऊन बसल्या. आधी आपला कप संपवला, आणि मग दुसरा उचलला.