चारशे बारा हिरव्या खुणा

सोमवारपासून सू-फेनताईंची रवानगी तक्रारींच्या फोनवर होणार होती. ताइचुंग शहरातल्या निम्म्या कचेऱ्या ज्या संकेतस्थळावरून दुपारचे डबे मागवत, त्याची एकेक कळ दाबून बघण्यात ताईंची अकरा वर्षं गेली होती. आता कचेरीतल्या तरुण पो-हानने जावास्क्रिप्टमध्ये चारशे बारा चाचण्या लिहिल्या होत्या. त्या आपणहून संकेतस्थळाच्या सर्व्हरला प्रश्न विचारत आणि उत्तर बरोबर आलं की पडद्यावर हिरवी खूण करत. मग माणूस हवा कशाला?

"ताई, तुम्हाला दोन दिवस लागतात. माझं दोन सेकंदांत उरकतं," पो-हान म्हणाला.

ताईंना नेमकं तेच खटकलं. "अरे, आपला सर्व्हर म्हातारा. मला एक उत्तर देताना आधी जांभई देतो. तुला चारशे बारा देतो होय दोन सेकंदांत? मोठा लाडका दिसतोस त्याचा."

"जळताय तुम्ही."

"जळतेय तर खरी."

शुक्रवारी सकाळी लाय साहेब चाचण्या बघायला आले. चाचणीचा सर्व्हर कोपऱ्यात होता आणि त्याच्या डोक्यावर नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट. तिकडची रीतच ती: यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून ते ठेवायचंच, हिरवंच, आणि तारीख न उलटलेलं. पो-हानने खास नवं आणलं होतं.

"पाकिटावर धूळ बसलीय बाई," म्हणत ताई कोपऱ्यात गेल्या. वाकल्या, काहीतरी खाटखूट केलं आणि हात पाठीमागे बांधून परत येऊन उभ्या राहिल्या.

पो-हानने कळ दाबली. भराभर हिरव्या खुणा उमटल्या. चारशे बारापैकी चारशे बारा!

"वा!" साहेबांनी टाळी वाजवली.

"वा वा!" ताईंनी मात्र टाळी वाजवली नाही. "साहेब, आता याच सर्व्हरवरून एक कोंबडीच्या तंगडीचा डबा मागवा ना."

साहेबांनी फोन काढला. पान उघडेना. पुन्हा बघितलं. पडदा कोराच.

पो-हान धावत जाऊन पाकिटाची तारीख वाचू लागला. "तारीख तर पुढच्या वर्षीची आहे!"

"पाकिटाला कशाला बोल लावतोस?" ताईंनी पाठीमागचा हात पुढे केला. हातात सर्व्हरची वायर लोंबत होती.

साहेबांनी वायरीकडे बघितलं, मग हिरव्या खुणांकडे. "म्हणजे बंद सर्व्हर पास झाला?"

"पैकीच्या पैकी!"

पो-हान मान खाली घालून आपली पहिली चाचणी वाचत बसला. उत्तर येईपर्यंत थांब, असं सांगणारा एक शब्द राहून गेला होता. चाचणी प्रश्न विचारायची आणि उत्तराची वाट न बघताच खूण करून मोकळी व्हायची. उरलेल्या चारशे अकरा त्याने याच पहिलीवरून गिरवल्या होत्या.

शब्द घातला, वायर लावली, पुन्हा कळ दाबली. या वेळी चांगली चार मिनिटं लागली. सदतीस खुणा लाल आल्या. संपलेला डबासुद्धा संकेतस्थळ खुशाल विकत होतं.

"यापुढे प्रत्येक चाचणी आधी सर्व्हर बंद ठेवून चालवायची," साहेब म्हणाले. "तेव्हा ती लाल आली, तरच खरी. आणि वायर ताईंच्या ताब्यात."

"मग सोमवारी फोनवर कोण बसणार?" ताईंनी भोळेपणाने विचारलं.

साहेबांनी पो-हानकडे बघितलं. "सदतीस लाल निस्तरून होईपर्यंत तक्रारी यालाच ऐकू देत."

ताई उठल्या, सर्व्हरवरचं हिरवं पाकीट उचललं आणि पो-हानच्या टेबलावर नीट उभं करून ठेवलं.

"सर्व्हर शहाणाच आहे रे," त्या म्हणाल्या. "हे तुझ्यापाशी असू दे."