नाव माहीत नाही

घासून पालथ्या घातलेल्या भांड्यांमधली एक वाटी घसरली आणि सिंकमध्ये ठणकन वाजली. एवढंच झालं. पण तेवढ्यात स्नेहल झोपलेल्या रियाच्या अंगावर ओणवी झाली होती, तिच्या डोक्यावर स्वतःचे दोन्ही हात धरून. वाटी सिंकमध्ये गरगर फिरली आणि थांबली. मग तिच्या लक्षात आलं, काच नव्हती ती. आपलीच वाटी होती. भर दुपार होती, बाहेरच्या कट्ट्यावर अजून कुणी आलंही नव्हतं.

तिने उठून वाटी जागेवर ठेवली. हात पदराला पुसल्यासारखा केला. अंगात गाऊन होता, पदर नव्हताच.

पनवेलच्या कडेला, विमानतळाच्या रस्त्याने चारी बाजूंनी वेढलेल्या गावठाणात काशिरामशेठची ही चार मजली बिल्डिंग. तळमजल्यावरचं पहिलं घर स्नेहल-प्रितमचं, भाड्याचं. घराच्या खिडकीला लागून सिमेंटचा कट्टा. शेठने तो म्हाताऱ्या माणसांना बसायला बांधला होता म्हणे. म्हातारी माणसं सकाळी उन्हाला बसून जायची. संध्याकाळ झाली की नीलेश आणि त्याची टोळी यायची. नीलेश शेठचा पुतण्या. बुलेटचा सायलेन्सर फटाक्यासारखा वाजवायचा, बाटल्या उघडायच्या, मोबाईलवर गाणी लावायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांच्या चालण्यावर बोलायचं. स्नेहल कपडे आता आतच वाळत घालायची. घरभर ओलसर वास असायचा. रिया पाच वर्षांची. केव्हाच सुटलेली अंथरूण ओलं करायची सवय तिला पुन्हा लागली होती.

प्रितम द्रोणागिरीला कंटेनर यार्डात सुपरवायझर. सकाळी अंधारात जायचा, रात्री जेवायला यायचा. एकदा तो कट्ट्यावर बोलायला गेला, तर त्याच्या छातीला हात लावून कुणीतरी हसत म्हणालं, "दादा, घरात जा, भाजी थंड होईल." तो घरात आला आणि खरंच जेवायला बसला. तेव्हापासून त्याचं एकच. फोनवर म्हणायचा, "आपण घर बदलू. उलव्याला नवीन टॉवर झालेत, बघतो."

"तिथे कट्टे नसतील?" स्नेहल विचारायची.

घर बदलायची तिला इच्छा नव्हती. रिया या घरात झाली. स्नेहलला आई नाही; बाळंतपणात तिला सांभाळलं ते शेठच्या बायकोने, गंगाबाईने. रोज सकाळी यायच्या, लुगड्याचा काष्टा वर खोचून पाटावर बसायच्या, पसरलेल्या पायांवर रियाला घेऊन कढत पाण्याने न्हाऊ घालायच्या. स्नेहलची कंबर शेकायच्या, तिला डिंकाचा लाडू तोंडात घालून खायला लावायच्या. त्या हातांची ऊब तिला अजून आठवायची. म्हणून पहिल्यांदा ती त्यांच्याकडेच गेली होती.

"आगो बाय, पोरं हायत ती," गंगाबाई म्हणाल्या. "जमीन गेली, शेती नाय, करतील काय? जरा हसतान, बोलतान. तू खिडकी लावून घे."

स्नेहलने खिडकी लावून घेतली. मग एकदा, हसणं फार वाढलं तेव्हा, तिने ११२ नंबर फिरवला. दोन पोलीस मोटरसायकलवरून आले, तोवर कट्टा मोकळा झालेला. ते गेल्यावर कट्टा पुन्हा भरला, आणि खिडकीशी तोंड आणून नीलेश म्हणाला, "वहिनी, मामांना चहा तरी पाजायचा!"

आणि तीन दिवसांपूर्वी संध्याकाळी बाटली आली. खिडकीची काच फोडून आत. रिया जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. तिला लागलं नाही. लागलं नाही, लागलं नाही, असं स्नेहल स्वतःलाच किती वेळ सांगत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर बाहेरच्या काचा कुणीतरी झाडून एका कोपऱ्यात गोळा केल्या होत्या, वर वीट ठेवून. शेजारी अर्धवट पडलेल्या बांधकामावर पांडू वॉचमन होता. पत्र्याच्या खोपटात बायको मालू आणि मुलगी मंगळी. कातकरी माणसं. मंगळी रियापेक्षा थोडी मोठी. खेकड्याला मागून कसं धरायचं, हे तिने रियाला शिकवलं होतं.

"पोरीच्या पायात जाईल म्हून," पांडू लांबूनच म्हणाला आणि झाडू घेऊन गेला.

त्या दिवशी स्नेहल चौकीवर गेली होती. सोबत तिसऱ्या मजल्यावरची माधुरी, घरी शिकवण्या घेणारी. रिक्षात माधुरी हळूच म्हणाली, "तक्रार कर, पण नाव घेऊ नकोस हं. आपण भाडेकरू. उद्या पाणी बंद केलं तर कुणाला सांगशील? पोलिसांना सगळं माहीत असतं, ते बरोब्बर करतात."

चौकीवरच्या हवालदार बाई चांगल्या होत्या. हे स्नेहलला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. त्यांनी रियाला बिस्किटं दिली, पंख्याखाली बसवलं. "घाबरू नका, ताई. लहान मूल घरात आणि बाटली फेकतात म्हणजे काय! आजच माणूस पाठवते. नावं सांगा."

माधुरीचा हात स्नेहलच्या गुडघ्यावर आला. आणि त्याच वेळी, का कोण जाणे, पाटावर बसलेल्या गंगाबाई तिच्या डोळ्यांपुढे आल्या. मांडीवर ओली, गुलाबी रिया.

"नाव माहीत नाही," स्नेहल म्हणाली.

"एकाचंही?"

"नाही."

"बरं. आसपास कोण असतं? पिणारं वगैरे?"

"तसं कुणी नाही. शेजारी बांधकामावर वॉचमन आहे, कातकरी. पण तो..."

"पितो का?"

खोटं कसं सांगायचं? आठवड्याच्या बाजाराला पांडू पिऊन यायचा, खोपटाबाहेर बसून गाणी म्हणायचा. "पितो कधीतरी," ती म्हणाली. "पण माणूस चांगला आहे."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. शेवटचं वाक्य बाईंनी ऐकलं की नाही, तिला कळलं नाही.

त्याच संध्याकाळी बाहेर जीप थांबली होती. स्नेहलने खिडकीला पुठ्ठा लावला होता, तो तिने दूर केला नाही. बाहेर कुणीतरी ओरडलं, दार आपटलं, जीप गेली. आणि मग शांतता. कट्ट्यावर कुणी नाही! दुसऱ्या संध्याकाळीही नाही. माधुरी जिन्यातून जाताना अंगठा दाखवून हसली. प्रितम फोनवर म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो? कायदा आहे." तो तसं कधीच म्हणाला नव्हता, पण तिने त्याला ते म्हणू दिलं. तिने कपडे बाहेर वाळत घातले. तरी वाटी पडली तर अंग उडतंच होतं. ती स्वतःला म्हणाली, जाईल ते हळूहळू. मंगळी खेळायला आली नाही, हे रियाच्या लक्षात आलं. स्नेहलच्या नाही.

आज वाटी जागेवर ठेवून ती वळली, तर दारात मालू उभी होती. उंबऱ्याच्या बाहेर, भिंतीला खांदा टेकून.

"ताय," मालू म्हणाली, "त्याला नेलाय. दोन दिस झाले. बाटली त्यानं फेकली म्हनतात." तिने स्नेहलकडे पाहिलं. "तुमी बोलला का?"

त्या विचारण्यात राग नव्हता, आणि तेच स्नेहलला सहन होईना. "नाही गं. मी त्याचं नाव... मी कुणाचंच नाव..." आणि तिला ऐकू आला स्वतःचाच आवाज. पितो कधीतरी.

मालूने मान हलवली, जणू उत्तर मिळालं, आणि ती गेली.

स्नेहलने झोपलेल्या रियाला उचलून खांद्यावर टाकलं आणि तशीच गंगाबाईंच्या दारात गेली. गंगाबाई ओसरीवर वालाच्या शेंगा निवडत होत्या.

"काकी, पांडूला पोलिसांनी नेलंय. तुम्ही शेठना सांगा ना. त्यांनी एक फोन केला तर सोडतील."

"सुटंल गो. बसवतान नि सोडतान. त्यांना सवय हाय."

"पण त्याने काही केलं नाही! काकी, तुम्हाला माहितेय कुणी केलं."

गंगाबाईंचे हात थांबले. त्यांनी रियाच्या लोंबणाऱ्या पायाला हात लावला, तळवा अंगठ्याने चोळला, लहानपणी चोळायच्या तसा. "आता तरास हाय का तुला?" त्यांनी विचारलं. "नाय ना? मंग. कशाला उगाच वाढवतंस?"

स्नेहलने पाय मागे घेतला. रियाचा. मग ती रस्त्यावर आली आणि रिक्षाला हात केला.

हवालदार बाईंनी तिला ओळखलं. "काय ताई, थांबला ना त्रास?"

"मॅडम, तुम्ही चुकीच्या माणसाला आणलंय. बाटली टाकणारा नीलेश. काशिरामशेठचा पुतण्या. मी त्याला रोज बघते. नाव मला माहीत होतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पंखा फिरत होता. "परवा माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या, शांतपणे.

"परवा मी घाबरले होते."

"आणि आज?"

"आजही आहे. पण लिहून घ्या. सही करते मी."

बाईंनी पेन पुन्हा उचललं. मग आतल्या खोलीकडे बघून आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या वॉचमनला सोडलंय, मघाशीच. त्याच्याविरुद्ध काही निघालंच नाही. त्याला आत घेतलं तेव्हा मी ड्युटीवर नव्हते." आणि पुन्हा नेहमीच्या आवाजात, "बसा. नीट सांगा. सुरुवातीपासून."

ती परत आली तेव्हा उन्हं कलली होती. बांधकामाच्या आवारात खोपटाचे पत्रे उतरवून एकावर एक रचलेले होते, ते कंत्राटदाराचे. मालूने भांडी एका फाटक्या चादरीत बांधली होती. पांडू विटांवर बसला होता. एक पाय लांब केलेला. चेहऱ्यावर काही नव्हतं. पण उठताना त्याने भिंत धरली आणि उठायला फार वेळ लावला.

"पांडूदादा, मी आत्ता नाव सांगून आले. खऱ्याचं नाव. सही केली. आता तुम्हाला कुणी काही करणार नाही, तुम्ही जाऊ नका."

"बरा केलास, ताय," पांडू म्हणाला. "पन मुकादमानं कामावरनं काढला. पोलीस आलेला मानूस नको म्हनला."

"मी बोलते त्याच्याशी."

"नको. वीटभट्टीवर चाललोय. तिथं मानसं लागतात." आणि जणू तिचीच समजूत काढायची आहे असं तो म्हणाला, "तुझा बी बरोबर. पोर घरात हाय."

रिया खाली उतरून मंगळीजवळ गेली होती. मंगळी तिला हळू आवाजात काहीतरी सांगत होती. मंगळीच्या डोक्यावर एक पातेलं होतं आणि ती ते हात न लावता तोलून धरत होती, मोठ्या बायकांसारखी.

मालूने बोचक्यातून स्टीलचा एक डबा काढला. स्नेहलचाच. कधीतरी सणाला तिने त्यातून पुरणपोळ्या दिल्या होत्या आणि डबा विसरूनही गेली होती. मालूने तो राखेने इतका लख्ख घासला होता, की त्यात आभाळ दिसत होतं. स्नेहलने हातात घेतला तर जड लागला.

"रिकामा कसा देयाचा," मालू म्हणाली.

आत भाजलेल्या वालाच्या शेंगा होत्या. अजून कोमट.

ती तिघं पुलाखालच्या रस्त्याने गेली. पांडू मागे होता, पाय ओढत. मालू दर थोड्या वेळाने थांबायची, पण वळून बघायची नाही. नुसती थांबायची, तो जवळ आला की पुन्हा चालायची. एका सिमेंटच्या गाडीने धूळ उडवली आणि ती धूळ खाली बसली तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं.

घरात येऊन स्नेहलने खिडकीचा पुठ्ठा काढला. तिने ठरवून काढला असं नाही. हात गेला आणि काढला. थोड्याच वेळात बुलेटचा फटाका वाजला. मग दुसऱ्या गाडीचा. कट्ट्यावर कुणीतरी बसलं, कुणीतरी थुंकलं. नीलेशने खिडकीकडे पाहिलं. त्याला कळलं होतं की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून समजेना. आज कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तिने खिडकीचे गज धरले होते आणि ती तिथून हलली नाही. प्रितमला काय सांगायचं, उद्या नळाला पाणी येईल का, गंगाबाई पुन्हा कधी रियाच्या गालाला हात लावतील का, सगळं एकदम डोक्यात फिरत होतं.

मागे रिया डबा मांडीत घेऊन बसली होती. एकेक शेंग सोलत होती, दाणे खात होती, टरफलं नीट एका बाजूला ठेवत होती. ओठ काळे झाले होते.

"आई," ती म्हणाली, "पोलीस आपल्याला मदत करायला आले होते ना?"

"हो."

रियाने एक दाणा तोंडात टाकला.

"मग त्यांनी मंगळीच्या बाबांना का मारलं?"