बिनहाताची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. एकोणीस पायऱ्यांच्या एका जिन्यात, बाराव्या पायरीनंतर जिथे वळण येतं तिथे, मी भिंतीला पाठ लावून उभी असते. येणारे-जाणारे माझ्यावर पिशव्या टेकवतात. कुणी तर खुशाल पाय ठेवून बुटाची नाडी बांधतं. मला राग येतो, पण मी गप्प बसते. आज मात्र बोलणार आहे. कारण खुर्चीवर कोण बसतं याला जगात मोठा मान आहे. माझ्यावरून कोण कसं उठतं, हे बघायला मात्र एक डॉक्टरीणबाई वर्षानुवर्षं थांबल्या होत्या.

मी आधी दार होते. पडलेल्या एका घराचं ते दार एका सुताराने आणून दुकानाच्या कोपऱ्यात ठेवलं होतं. एके दिवशी डॉक्टरीणबाई आल्या आणि म्हणाल्या, "एक खुर्ची हवी. बैठक जमिनीपासून बरोबर त्रेचाळीस सेंटिमीटर. आणि तिला हात नकोत."

सुताराने कानावरची पेन्सिल काढली आणि परत कानावर ठेवली. "बाई, खुर्ची म्हाताऱ्या माणसांसाठी म्हणताय ना? मग हात नकोत कसे? लाकूड उरतंय, मी लावून टाकतो."

"हात असले की माणसं हातांवर जोर देऊन उठतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला त्यांचे पाय किती साथ देतात ते बघायचंय."

सुताराला ते काही पटलं नाही. तो दिवसभर रंध्याशी पुटपुटत होता. पण माप त्याने असं धरलं की केसाचाही फरक नाही. शेवटी मला उलटी करून त्याने बैठकीच्या खाली पेन्सिलीने आकडा लिहिला: ४३. मला उगीचच अंगावर काटा आला. दार असताना मला कुणी कधी मोजलं नव्हतं.

माझं काम सोपं होतं. साठीच्या पुढच्या माणसाने माझ्यावर बसायचं, दोन्ही हात छातीवर घडी करून ठेवायचे आणि पाच वेळा उठून पाच वेळा बसायचं. किती सेकंद लागले ते घड्याळात बघून वहीत लिहायचं. पंधराच्या आत झालं तर ठीक. जास्त लागले तर पाय कमजोर, म्हणजे माणूस पडायची भीती. मग त्याला आरोग्य केंद्रातल्या व्यायामाच्या वर्गात घ्यायचं. वर्गात जागा वीसच होत्या.

तुम्ही म्हणाल, यात संशोधन ते काय? मलाही तसंच वाटायचं. पण डॉक्टरीणबाई एकदा कुणाला तरी सांगत होत्या की म्हातारपणाविषयी जाडजूड पुस्तकं आहेत, त्यांत आकडेही आहेत, पण ते सगळे दूरच्या श्रीमंत शहरांतले. जन्मभर ओझी उचलून, उकिडवं बसून ज्यांचे गुडघे झिजले, त्यांना कुणी विचारलेलंच नाही. ते ऐकल्यावर मी माझे चारही पाय जमिनीवर जरा घट्ट रोवले.

मला घरोघर न्यायची ती परिचारिका. सगळे तिला ताई म्हणायचे. ती मला सायकलच्या मागे जुन्या ट्यूबने उलटी बांधायची, माझे पाय आकाशाकडे. लोक विचारायचे, "ताई, घर बदललं की काय?" ती म्हणायची, "नाही, घर तेच, खुर्ची फिरतीवर आहे." प्रत्येक घरातली खुर्ची वेगळ्या उंचीची, म्हणून डॉक्टरीणबाईंचा हुकूम होता की सगळ्यांना मीच. खुर्ची बदलली की आकडा बदलतो, असं त्या बजावायच्या.

माझ्यावर किती माणसं बसली म्हणून सांगू! एक निवृत्त मास्तर स्वतःच मोठ्याने आकडे मोजायचे आणि चुकायचे. एक आजोबा बसले ते तिथेच घोरायला लागले. पण माझ्या मनात बसली ती इस्त्रीवाली आजी. रस्त्यावर तिचं इस्त्रीचं टेबल आणि वर, याच जिन्याच्या टोकाला, तिची एकटीची खोली. दिवसभर उभं राहायचं आणि कपड्यांचं गाठोडं घेऊन जिना चढायचा. पाय गेले की काम गेलं आणि खोलीही गेली, हे ती हसत हसत सांगायची, पण ते काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

"शाळेत कधी उठाबशा काढल्या नाहीत, त्या आता काढायला लावताय," ती ताईला म्हणाली. पहिल्या वेळी तिला एकोणीस सेकंद लागले. तिचं नाव वर्गात घातलं.

अशी बरीच वर्षं गेली. फिरून फिरून माझा एक पाय थोडा झिजला आणि मी डुगडुगायला लागले. आजी-आजोबा दचकायचे. ताईचा जीव हळवा, तिला ते बघवेना. केंद्राच्या अडगळीत मोडक्या कुबड्या पडल्या होत्या. त्यांच्या टोकांची जाड रबरी बुटं काढून तिने माझ्या चारही पायांत घातली. मी हलायची थांबले. सगळ्यांनी ताईचं कौतुक केलं. मीही नव्या बुटांत मिरवले, खोटं कशाला बोलू?

पण मित्रांनो, ती बुटं दीड बोट जाड होती. मी दीड बोट उंच झाले होते. उंच खुर्चीवरून उठायला कमी कष्ट पडतात. आजी-आजोबांचे सेकंद भराभर उतरायला लागले. ताई खूश, डॉक्टरीणबाई खूश. वर्गाचा गुण आला, असं सगळ्यांना वाटलं. वरच्या कार्यालयाने तर सांगितलं की अहवाल असाच आला तर असे वर्ग आणखी अकरा गावांत सुरू करू.

इस्त्रीवाल्या आजीला तेरा सेकंद लागले. ताई म्हणाली, "आजी, तुम्ही पास झालात. आता तुमची जागा दुसऱ्याला देऊ या?" आजीने गल्लीभर सांगितलं. मला मात्र ठाऊक होतं. ती बसली तेव्हा तिचा डावा पाय पहिल्या दिवशीसारखाच थरथरत होता. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. माझ्यामुळे तिची जागा गेली आणि मला काहीच करता येत नव्हतं.

सात महिने असेच गेले. एका सकाळी ताईने सांगितलं की आजी जिन्याच्या वळणावर घसरली, कठडा हाती लागला म्हणून कोपरावर निभावलं. "पास झालेल्या होत्या, मग असं कसं झालं?" ती स्वतःशीच म्हणाली.

त्याच दिवशी सुतारकाका केंद्रात आले. दुकान कधीच बंद झालं होतं, नजर अधू झाली होती. आता त्यांचीच मोजणी होती. ते माझ्यावर बसले आणि लगेच ताठ झाले.

"ही उंच कुणी केली?"

"उंच नाही केली, काका. डुगडुगत होती म्हणून रबर लावलं," ताई म्हणाली.

"अगं, डुगडुगत होती तर माझ्याकडे आणायची. एका पायाखाली कागदाची घडी पुरली असती." त्यांनी मला उलटी केली, आपलाच पेन्सिलीचा आकडा बोटाने चाचपला आणि ताईकडून टेप मागितली. बुटांसकट माप भरलं शेहेचाळीस.

ताईने टेप स्वतः लावून पाहिली, तरी तेच. टेबलावर अहवालाचं पाकीट तयार होतं, दुपारच्या टपालात जायचं होतं. खोलीत आम्ही तिघंच होतो. काका काही कुणाला सांगायला जाणार नव्हते, आणि मी तर काय, खुर्ची. अकरा गावांतल्या म्हाताऱ्या माणसांचे वर्ग त्या पाकिटात होते. ताई बराच वेळ पाकिटावर हात ठेवून उभी राहिली. मग ते उचलून डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली आणि मलाही सोबत नेलं.

"मॅडम, हे आकडे पायांचे नाहीत. माझ्या रबराचे आहेत."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या स्वतः माझ्यावर बसल्या. त्या रागावल्या होत्या, हे मला त्यांच्या बसण्यावरून कळलं. थोड्या वेळाने उठल्या आणि म्हणाल्या, "रबर काढ. ज्यांची ज्यांची नावं काढली, त्यांना परत बोलाव. आजींना आधी."

आजीला आता वीस सेकंद लागले. "म्हणजे मी नापास?" तिने विचारलं. ताईने सांगितलं, "तुम्ही नाही, आजी. आम्ही नापास." आजी दुसऱ्याच दिवसापासून वर्गात यायला लागली. अकरा गावांचं काही जमलं नाही. पुढच्या वर्षी खऱ्या आकड्यांवर चार गावांत वर्ग सुरू झाले. आकडे लहान होते, पण त्यांवर बोट ठेवायला जागा नव्हती.

सुतारकाकांची मोजणी मात्र त्या दिवशी राहिलीच होती. रबर काढल्यावर ताईने माझ्या झिजलेल्या पायाखाली कागदाची घडी घातली आणि ते बसले. हातांची घडी घातली. एकदा उठले, दोनदा उठले. तिसऱ्यांदा अर्ध्यातून परत माझ्यावर आदळले आणि त्यांचे दोन्ही हात आपसूक बाजूला गेले, मला कधीच न मिळालेले हात शोधत. तिथे काहीच नव्हतं. ते हवेतल्या आपल्या हातांकडे बघत राहिले.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, लावून टाकतो," ते हळूच म्हणाले. मला रडू आलं असतं.

काकाही वर्गात आले, आजीच्या शेजारच्या खुर्चीवर. आजी त्यांना चिडवायची, "खुर्ची करता आली, उठता येईना का?" ते चिडून जास्त उठायचे. आठ महिन्यांनी ते माझ्यावरून हातांची घडी न सोडता पाच वेळा उठले.

पुढे लोखंडी पायांची नवी खुर्ची आली आणि मी अडगळीत गेले, त्या मोडक्या कुबड्यांच्या शेजारी. दोन वर्षं माझ्यावर धूळ बसली. एवढी माणसं मोजली, पण मला विचारायला कुणी आलं नाही. मग एक दिवस काका आले आणि मला मागून घेऊन गेले.

त्यांच्या घरी पलंगाखाली कापडात गुंडाळलेली दोन लाकडं होती. मी ती लगेच ओळखली. माझ्याच दाराची. इतकी वर्षं त्यांनी ती टाकली नव्हती. चाचपत चाचपत, पाच दिवस लावून, त्यांनी मला हात बसवले आणि आजीच्या जिन्याच्या वळणावर आणून ठेवलं.

मित्रांनो, मोजायचं ते खरंच मोजायला हवं. पण मोजून झालं की आपलं काम संपत नाही. तुमच्या घरात आजी-आजोबा उठताना कशाला धरतात, ते आज एकदा बघा. आणि त्यांनी हात पुढे केला तर तिथे काहीतरी असू द्या.

आता आजीची यायची वेळ झाली. ती बारा पायऱ्या चढते, गाठोडं मांडीवर घेऊन माझ्यावर बसते आणि दम खाते. कधी कधी हट्टाने हातांची घडी घालून उठते. आज तिचे गुडघे दुखतायत. आज ती माझे हात धरेल.