साठ टक्क्यांच्या खाली

धुळ्याजवळच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर विभागाच्या मानांकनासाठी तज्ज्ञांची समिती यायची होती. प्रोग्रॅमिंगच्या फायली दिपमाला मॅडमकडे होत्या. दोन वर्षांपूर्वीचा पहिल्या वर्षाच्या वर्गाचा निकाल ठरवलेल्या साठ टक्क्यांऐवजी बेचाळीसवर अडकला होता.

विभागप्रमुख प्रेमराज सर तो कागद बघून हळूच म्हणाले, "मॅडम, एवढा आकडा जरा बरा करता येईल का?"

"नाही सर. मुलांना खरंच कळलं नव्हतं."

सरांनी सुस्कारा टाकला, पण कागद तसाच फायलीत लावला.

त्या निकालानंतर मॅडमनी खेड्यातल्या मुलांसाठी जेवणाच्या सुट्टीत वर्ग सुरू केला होता. त्या स्वतः दोंडाईच्याच्या. तिथं त्या मुलांशी सरळ अहिराणीतच बोलायच्या. पुढच्या वर्षी आकडा एकसष्टवर गेला. पण त्या वर्गाची ना हजेरी ठेवली होती, ना नोंद.

समिती आली, आणि तिच्यातल्या एका बाईंनी नेमकं तेच विचारलं. "आकडा वाढला, छान. पण तुम्ही केलंत काय? पुरावा?"

"लेखी काही नाही," मॅडम म्हणाल्या. तेवढ्यात विद्यार्थ्यांना भेटायची वेळ झाली. बाईंनी पहिल्याच बाकावरच्या कामिनीला उठवलं. कामिनी चोपड्याकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. बेचाळीसच्या वर्षी नापास झालेल्यांत तीही होती.

"फंक्शन म्हणजे काय?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

कामिनीनं पाठ केलेलं वाक्य सुरू केलं आणि ते मध्येच अडलं. तिचे कान लाल झाले. बाई हिंदीत म्हणाल्या, "बेटा, तुझ्या भाषेत सांग."

कामिनीनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान डोलावली.

"फंक्शन म्हंजे चक्की शे," कामिनी म्हणाली. "जवारी टाका ते जवारीनं पीठ निंघस, गहू टाका ते गहूनं. चक्की तीच शे, दरवेळे नवी बांधानी गरज नही."

मॅडमनी हिंदीत अर्थ सांगितला. बाईंनी मग कामिनीला फळ्यावर प्रोग्रॅम लिहायला लावला. तिनं तो एकही खाडाखोड न करता लिहिला.

"हे कुठं शिकलीस?"

"मॅडमना दुपारना वर्गमा."

बाईंनी वहीत बराच वेळ काही लिहिलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "असं शिकवता, तर लिहूनही ठेवत जा."

अडीच महिन्यांनी पत्र आलं. तीन वर्षांचं मानांकन मिळालं होतं. प्रेमराज सरांनी मॅडमचा दुपारचा वर्ग त्याच दिवशी वेळापत्रकात टाकला. मॅडमनी दरवाजा लोटून कामिनीला फोन लावला. ती सुट्टीला घरी गेली होती.

बातमी ऐकून कामिनी आनंदानं ओरडली, तिनं आईला हाक मारून सांगितलं. मग तिला काहीतरी आठवलं.

"मॅडम, आमले शिकाडामा तुम्ही रोज जेवन सोडेत. आज तरी जेवनात का?"

घड्याळात सव्वादोन झाले होते. मॅडमचा डबा टेबलावर तसाच होता.

"जेवस वं, माय," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसत डबा उघडला.